जपानची आखूड काठी : परंपरा, तंत्र आणि स्वसंरक्षणातील तिचे खरे स्थान

जपानी युद्धकला म्हटल्या की प्रथम तलवार आठवते आणि त्यानंतर कराटे किंवा ज्युदो. मात्र तलवारीने सज्ज असलेल्या प्रतिपक्षासमोर साध्या लाकडी काठीने उभे कसे राहावे, या प्रश्नाचाही जपानमध्ये सुमारे चारशे वर्षे पद्धतशीर अभ्यास झाला. त्यातून निर्माण झालेली विद्या आज टोकियोच्या पोलीस दलात, केंदो महासंघाच्या परीक्षांत आणि लंडनपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या अनेक दोजोंमध्ये जिवंत आहे. परदेशांतील शहरांत ‘स्वसंरक्षणासाठी काठी’ अशा नावाने चालणाऱ्या वर्गांचे मूळही बहुधा याच परंपरेत असते. वृद्ध आईवडिलांसाठी किंवा रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मुलांसाठी अशा वर्गांची चौकशी करणाऱ्यांना तीन गोष्टी माहीत असणे आवश्यक ठरते : ही विद्या मुळात कशासाठी जन्माला आली, ती प्रत्यक्षात काय देऊ शकते आणि रस्त्यावर काठी बाळगण्याविषयी कायदा काय म्हणतो.

काठ्यांचे प्रकार आणि मापे

जपानी काठ्यांचे वर्गीकरण प्रामुख्याने लांबीवरून होते. जुन्या मापनपद्धतीतील ‘शाकु’ म्हणजे सुमारे ३०.३ सेंटीमीटर. सर्वांत लांब आणि प्रसिद्ध काठी सहा शाकूंची, म्हणजे सुमारे १८२ सेंटीमीटरची. तिला ‘बो’ म्हणतात. मध्यम लांबीच्या काठीला ‘जो’ असे नाव आहे. मराठी वाचकाला हा शब्द सर्वनामासारखा भासण्याचा संभव असल्याने या लेखात तिचा उल्लेख ‘जो-काठी’ असा केला आहे. तिचे प्रमाणित माप ४ शाकु, २ सुन आणि १ बु, म्हणजे सुमारे १२८ सेंटीमीटर इतके असून व्यास ८ बु, म्हणजे सुमारे २.४ सेंटीमीटर असतो. ती बहुधा जपानी पांढऱ्या ओकच्या लाकडाची असते आणि वजनाला साधारण अर्धा किलो भरते.

याहून आखूड काठ्या दोन. ‘हान्बो’ या शब्दाचा अर्थच ‘अर्धी बो’ असा होतो. तिची लांबी तीन शाकु, सुमारे ९० सेंटीमीटर. ‘तान्जो’ म्हणजे ‘आखूड जो’. तीही साधारण तेवढ्याच लांबीची असते, परंतु तिचे मूळ वेगळे आहे. तो इतिहास पुढे येईल. काठीच्या लांबीतील हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटला, तरी प्रत्येक काठीचे तंत्र आणि तिच्यामागील सामाजिक परिस्थिती स्वतंत्र आहे.

गोन्नोसुके आणि मुसाशी

जो-काठीच्या सर्वांत प्रसिद्ध घराण्याचे नाव शिंतो मुसो-र्यू. त्याचा संस्थापक मुसो गोन्नोसुके हा सतराव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला योद्धा मानला जातो. घराण्याची आख्यायिका अशी की, अनेक सामने जिंकलेल्या गोन्नोसुकेची गाठ मियामोतो मुसाशी या विख्यात तलवारबाजाशी पडली. मुसाशीने आपल्या दोन तलवारींची कात्री करून गोन्नोसुकेचे शस्त्र मध्येच जखडले आणि त्याला हरवले. पराभूत गोन्नोसुके भ्रमंती करीत क्युशू बेटावरील होमान पर्वतावर पोहोचला. तेथील कामादो देवस्थानात त्याने ३७ दिवस उपासना केली. अखेरच्या रात्री एका बालकाच्या रूपात त्याला दृष्टान्त झाला. गोल लाकूड हाती घेऊन प्रतिपक्षाचे ‘सुईगेत्सु’ ओळख, असा त्या दृष्टान्ताचा आशय सांगितला जातो. सुईगेत्सु म्हणजे बरगड्यांच्या खालचा, पोटाच्या वरच्या भागातील खळगा. या शब्दाचा अक्षरशः अर्थ ‘पाण्यातील चंद्र’ असा होतो.

यानंतर गोन्नोसुकेने तलवारीपेक्षा थोडी लांब आणि बो-काठीपेक्षा बरीच आखूड अशी काठी घडवली, मुसाशीला पुन्हा गाठले आणि या वेळी त्याला निष्प्रभ केले, असे घराणे सांगते. पहिल्या सामन्याची, म्हणजे गोन्नोसुकेच्या पराभवाची कथा मुसाशीविषयीच्या जुन्या लेखनातही आढळते. दुसऱ्या सामन्याची कथा मात्र शिंतो मुसो-र्यूच्या स्वतःच्या परंपरेतूनच आली आहे. इतिहास म्हणून ती सिद्ध मानता येत नाही. तरीही या आख्यायिकेत एक तांत्रिक सत्य दडलेले आहे. लांब काठीचा मधला भाग जखडला गेला की तिची दोन्ही टोके निरुपयोगी होतात. काठी आखूड केली की ती हातांतून सरकवता येते, क्षणात उलटवता येते आणि अडकलेले टोक सोडून दुसरे टोक कामाला लावता येते.

फुकुओकाहून टोकियोकडे

गोन्नोसुकेला फुकुओकाच्या कुरोदा घराण्याने आश्रय दिला. पुढे ही विद्या त्या संस्थानातच शिकवली जात राहिली. परंपरेनुसार ती प्रामुख्याने खालच्या श्रेणीतील सैनिकांना बंदोबस्ताच्या कामासाठी दिली जाई. गुन्हेगाराला ठार न मारता ताब्यात घेण्याची गरज जेथे असते, तेथे तलवारीपेक्षा काठी सोयीची ठरते. या घराण्याबरोबर आजही शिकवल्या जाणाऱ्या पूरक विद्यांत दोरीने बांधण्याची कला, जुत्ते नावाचा आकडा असलेला लोखंडी दांडा आणि साखळी जोडलेला कोयता यांचा समावेश आहे. त्यांवरूनही पोलिसी कामाचा हा जुना संबंध ध्यानात येतो.

मेइजी काळात संस्थाने विसर्जित झाली आणि अशा अनेक विद्यांचा आधार तुटला. फुकुओकातील परंपरा टिकवून धरण्याचे श्रेय शिराइशी हान्जिरो यांना दिले जाते. त्यांचे शिष्य शिमिझु ताकाजी यांनी १९२७ मध्ये टोकियोच्या पोलीस अधिकाऱ्यांपुढे जो-काठीचे प्रात्यक्षिक केले. त्यातून १९३० च्या दशकात पोलीस दलासाठी ‘केइजोजुत्सु’ म्हणजे पोलिसी काठीची पद्धती आकाराला आली. जपानमध्ये पोलीस ठाण्याच्या दारात लांब काठी घेऊन उभा असलेला शिपाई आजही दिसतो, त्याच्या हातातील काठी याच परंपरेची आहे.

१९४० मध्ये ‘जोजुत्सु’ हे नाव बदलून ‘जोदो’ हे नाव स्वीकारण्यात आले. ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. ज्युदो, केंदो यांच्या नावांतही हाच प्रत्यय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अखिल जपान केंदो महासंघाने जोदोला आपल्या छत्राखाली घेतले आणि १९६८ मध्ये त्यासाठी प्रमाणित अभ्यासक्रम निश्चित केला. ‘सेइतेई जोदो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासक्रमात १२ मूलभूत क्रिया आणि १२ काता आहेत. परदेशांतील बहुतेक विद्यार्थी आरंभी हाच अभ्यासक्रम शिकतात. मूळ शिंतो मुसो-र्यूमध्ये साठहून अधिक काता असून त्या गुरूकडून शिष्याकडे टप्प्याटप्प्याने दिल्या जातात. या कलेचा जपानबाहेर परिचय करून देणाऱ्यांत अमेरिकन अभ्यासक डॉन ड्रेगर यांचे नाव अग्रभागी येते. ते शिमिझु यांचे थेट शिष्य होते.

ऐकिदोमध्येही जो-काठी आढळते, परंतु तिचे घराणे निराळे. ऐकिदोचे प्रवर्तक उएशिबा मोरिहेई यांच्या इवामा येथील अध्यापनातून त्यांचे शिष्य साइतो मोरिहिरो यांनी २० सुट्या क्रिया आणि ३१ हालचालींची एकट्याने करावयाची काता अशी मांडणी केली. काठीच्या आधारे देहाची चाल आणि अंतराचे भान सुधारणे, हा तिचा मुख्य हेतू.

छडी हाती आली तेव्हा : तान्जो

२८ मार्च १८७६ रोजी जपान सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी केली. पोलीस, सैनिक आणि काही अधिकृत प्रसंग यांचाच त्याला अपवाद होता. पिढ्यान्‌पिढ्या कमरेला तलवार लावणाऱ्या सामुराई वर्गाचे हात अचानक रिकामे झाले. त्याच सुमारास पाश्चात्त्य पोशाखाबरोबर हातात छडी घेण्याची रीत शहरांतून रूढ झाली. फुकुओकाच्या परंपरेतील उचिदा र्योगोरो यांनी जो-काठीची तत्त्वे या छडीला लावली आणि त्यातून उचिदा-र्यू तान्जोजुत्सु ही पद्धती तयार झाली. तिच्यात १२ काता आहेत. इंग्रजी शब्दावरून तिला ‘सुतेक्की-जुत्सु’ असेही म्हणत. ‘सुतेक्की’ हे ‘स्टिक’ या शब्दाचे जपानी रूप.

याच काळात प्रवास उलट दिशेनेही झाला. जपानमध्ये काही वर्षे राहून आलेले इंग्रज अभियंते एडवर्ड बार्टन-राइट यांनी १८९८-९९ च्या सुमारास लंडनमध्ये ‘बार्टित्सु’ ही स्वसंरक्षणपद्धती सुरू केली. तिच्यात जपानी जुजुत्सुला पिएर विन्यी या स्विस शिक्षकाच्या छडीच्या तंत्राची जोड दिलेली होती. शेरलॉक होम्सला दरीच्या काठावरून जिवंत परत आणताना आर्थर कॉनन डॉयल यांनी ज्या ‘बारित्सु’चा उल्लेख केला, तो याच नावाचा अपभ्रंश. पुढे १९२३ मध्ये भारतीय पोलीस सेवेतील एच. जी. लँग या ब्रिटिश अधिकाऱ्याने छडीने स्वसंरक्षण करण्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. तात्पर्य, ज्याच्या हातात छडी असणे सर्वांना स्वाभाविक वाटते, त्या नागरी माणसासाठी ही विद्या पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे जवळपास एकाच काळात मांडली गेली.

हान्बो आणि तिचा प्रसार

आज ‘जपानी काठीने स्वसंरक्षण’ या नावाखाली जे शिकवले जाते, त्याचा मोठा भाग हान्बोजुत्सुचा असतो. हान्बोचा संबंध कुकिशिन-र्यू या घराण्याशी जोडला जातो. रणांगणावर भाल्याचे पाते तुटल्यावर उरलेल्या दांड्याने योद्धा लढत राहिला आणि त्यातून ही कला जन्मली, अशी कथा सांगितली जाते. या घराण्याच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विसाव्या शतकातील प्रसार मात्र स्पष्टपणे दाखवता येतो : ताकामात्सु तोशित्सुगु यांच्याकडून ही विद्या हात्सुमी मासाकी यांच्याकडे आली आणि त्यांच्या बुजिन्कान या संस्थेमार्फत जगभर पसरली. हात्सुमी यांनी क्विन्टिन चेंबर्स यांच्यासह लिहिलेले हान्बोवरील इंग्रजी पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य वाचकांना या विषयाची ओळख बहुतांशी त्यातूनच झाली.

हान्बोचे तीन मूलभूत पवित्रे सांगितले जातात. ‘मुनेन मुसो’ या पवित्र्यात काठी एका हातात, टोक जमिनीला टेकलेले, जणू माणूस सहज छडी टेकून उभा आहे. ‘काता याबुरी’मध्ये ती दोन्ही हातांनी कमरेसमोर आडवी धरलेली असते. ‘ओतोनाशी’मध्ये ती पाठीमागे आडवी, समोरच्याच्या नजरेआड असते. तिन्ही पवित्र्यांत आक्रमक असे काहीच दिसत नाही, आणि तेच या पद्धतीचे वैशिष्ट्य. हल्लेखोराने मनगट किंवा कपड्याची गळपट्टी धरली की काठी त्याच्या हाताभोवती वळवून मनगट, कोपर किंवा खांदा पेचात घ्यायचा आणि त्याला खाली आणायचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. कुस्तीतील पकड आणि पेच ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील तत्त्व तत्काळ उमगेल. येथे काठी तरफेचे काम करते.

काठी काम कशी करते

जो-काठीचे वर्णन करताना तीन शस्त्रांची उपमा दिली जाते. टोकाने ठोसा दिला की ती भाला होते, वर्तुळाकार झाडली की लांब दांड्याचे पाते असलेली नागिनाता, आणि हाताळली तर तलवार. हे शक्य होते याचे कारण तिच्या रचनेत आहे. तलवारीला मूठ आणि धार असते; पकडण्याची जागा ठरलेली, वाराची बाजूही ठरलेली. काठीला पुढचे-मागचे असे काही नसते. हात सरकवून तिची उपयुक्त लांबी क्षणात कमी-जास्त करता येते आणि प्रतिपक्षाला तिच्या पल्ल्याचा अंदाज बांधणे कठीण जाते. सरावातील लाकडी तलवार सुमारे १०१.५ सेंटीमीटर लांब असते. १२८ सेंटीमीटरची जो-काठी तिच्यापेक्षा सुमारे २६ सेंटीमीटर पुढे पोहोचते. एवढ्याच अंतरावर साऱ्या डावपेचांचा डोलारा उभा आहे.

ठोशाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडते. २.४ सेंटीमीटर व्यासाच्या टोकाचे क्षेत्रफळ अवघे साडेचार चौरस सेंटीमीटर. देहाचे वजन मागे असलेला ठोसा एवढ्या लहान जागेवर केंद्रित झाला, तर मोठी ताकद नसलेली व्यक्तीही समोरच्याला थांबवू शकते. शिवाय ठोशाला बाजूची जागा लागत नाही. उद्वाहनात, जिन्यात किंवा दोन मोटारींच्या मधल्या अरुंद वाटेत काठी फिरवता येत नाही. सरळ रेषेत पुढे मात्र सारता येते.

महाराष्ट्रातील लाठीशी तुलना केल्यास फरक अधिक स्पष्ट होतो. मर्दानी खेळांतील लाठी प्रायः वेताची किंवा बांबूची, वजनाने हलकी आणि लांब असते. ती सतत फिरवून स्वतःभोवती संरक्षणाचे वर्तुळ निर्माण करणे आणि अनेकांना दूर ठेवणे हे तिचे बळ. जो-काठी बहुतेक वेळ स्तब्ध असते. समोरच्याचा वार निघेपर्यंत थांबायचे, अर्धे पाऊल तिरके सरकायचे आणि त्याच क्षणी मनगटावर, पोटाच्या खळग्यावर किंवा तलवारीच्या पात्यावर एकच नेमका आघात करायचा, अशी तिची घडण आहे.

सेइतेई अभ्यासक्रमाच्या पहिल्याच काता या दृष्टीने बोलक्या आहेत. पहिली ‘त्सुकिझुए’, तिचा आरंभ काठी टेकून शांत उभे राहण्याने होतो. तलवारीचा वार डोक्यावर येताच काठीधारी बाजूला सरतो आणि तलवार धरलेल्या मनगटावर आघात करतो. दुसरीचे नाव ‘सुईगेत्सु’. तीत तिरके पाऊल टाकून पोटाच्या खळग्यात ठोसा दिला जातो. मूलभूत क्रियांमध्ये तलवार खाली झटकून देणारी ‘हिकिओतोशी’, ती गुंडाळून बाजूला टाकणारी ‘माकिओतोशी’ आणि प्रतिपक्षाचे हात त्याच्याच अंगाशी दाबून टाकणारी ‘कुरित्सुके’ यांचा समावेश होतो. प्रत्येक क्रिया आधी एकट्याने आणि नंतर जोडीने केली जाते.

जोडीच्या सरावात तलवार धरणारा ‘उचिदाची’ हा बहुधा अनुभवी असतो. वार कोणत्या वेगाने, किती जवळून करायचा हे तो ठरवतो आणि त्यायोगे काठीधारी ‘शिदाची’ला घडवतो. सुरक्षिततेसाठी अंगावर चिलखत नसते. भिस्त असते ती अचूकतेवर. वार शरीरापासून किंचित दूर थांबवला जातो. एका काताच्या शेवटीही लक्ष ढळू न देण्याच्या अवस्थेला ‘झान्शिन’ म्हणतात आणि परीक्षेत तिला तंत्राइतकेच महत्त्व असते.

स्वसंरक्षणात उपयोग आणि मर्यादा

या विद्येचा रस्त्यावरील उपयोग कितपत, याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग आश्वासक आहे. सातत्याने सराव करणाऱ्या व्यक्तीत अंतराचे भान येते. समोरचा माणूस हात पोहोचेल इतका जवळ आला आहे की नाही, हे ती अचूक ओळखते. बहुतांश हल्ल्यांत हेच पहिले आणि निर्णायक कौशल्य ठरते. तिरके सरण्याची सवय, ताठ पण सैल उभे राहणे, घाबरूनही श्वास न कोंडणे आणि मोठ्या आवाजात ओरडता येणे हे गुण काठी हातात नसतानाही कामी येतात. लांब दांड्याची छत्री, गुंडाळलेले वृत्तपत्र किंवा झाडूचा दांडा यांनाही ठोशाचे तत्त्व लागू होते. छत्रीने फटका मारला तर तिचा दांडा वाकण्याची शक्यता अधिक. दोन्ही हातांनी धरून टोक पुढे केले तर ती हल्लेखोराला काही क्षण दूर ठेवू शकते, आणि तेवढे क्षण पळून जाण्यासाठी पुरतात.

दुसरा भाग सावध करणारा आहे. कातामध्ये पुढचा वार कोणता, हे दोघांनाही ठाऊक असते. प्रत्यक्ष हल्ला मागून होतो, एकाऐवजी तिघे येतात, अंधार असतो, जमीन निसरडी असते. अनपेक्षित आणि खराखुरा विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर सराव झालेला नसेल, तर भीतीने हात थरथरत असताना मनगट मुरगळण्याचा नाजूक पेच साधेलच असे नाही. अशा वेळी साध्या, मोठ्या हालचालीच टिकतात. काठीचे एक टोक हल्लेखोराच्या हाती लागले तर ती सोडवण्याचे तंत्र आहे, पण तेही वारंवार घोटवावे लागते. सुरी हातात असलेल्या माणसासमोर काठी ही खात्री देऊ शकत नाही. पळण्याची वाट असेल तर पळणे हाच उत्तम डाव, असे जबाबदार शिक्षक पहिल्याच तासाला सांगतात.

डोक्यावरील आघाताचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. ओकच्या काठीचा डोक्यावर बसलेला फटका प्राणघातक ठरू शकतो. गळ्यावरचा ठोसाही तसाच. तलवारीविरुद्धच्या कातांमध्ये ही लक्ष्ये स्वाभाविक होती, कारण समोरचा माणूस मारण्यासाठीच आलेला असे. पाकीट हिसकावू पाहणाऱ्याच्या बाबतीत तीच हालचाल केल्यास बचाव करणारा क्षणार्धात आरोपी होतो. म्हणून स्वसंरक्षणाच्या चांगल्या वर्गात हात, नडगी आणि पोट यांनाच लक्ष्य करण्यास शिकवतात.

ज्येष्ठांसाठी चालवल्या जाणाऱ्या छडीच्या वर्गांबाबत आणखी एक मुद्दा कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावा. ज्या व्यक्तीला तोल सांभाळण्यासाठी छडी लागते, तिने ती मारण्यासाठी उचलली की तिचा आधारच जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे आहे. बहुतांश वृद्धांना हल्ल्यापेक्षा घसरून पडण्याचाच धोका अधिक असतो. पायांची ताकद आणि तोल वाढवणारा सराव, दोन्ही हातांत छडी धरण्याची सवय आणि भिंतीला पाठ लावून स्थिर उभे राहणे यांवर भर देणारा वर्ग त्यांना दोन्ही बाबतींत उपयोगी पडतो. फटक्यांची चित्तवेधक प्रात्यक्षिके दाखवणारा वर्ग त्यांच्यासाठी नव्हे.

कायदा काय सांगतो

काठी बाळगण्याविषयीचा सर्वसाधारण समज असा की, ती शस्त्र नसल्याने प्रश्नच येत नाही. तो चुकीचा आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५३ च्या गुन्हे प्रतिबंधक कायद्यानुसार, इजा करण्याच्या हेतूने सार्वजनिक ठिकाणी बाळगलेली कोणतीही वस्तू आक्षेपार्ह शस्त्र ठरू शकते. चालण्यासाठी घेतलेली छडी निर्दोष असते. तीच छडी ‘कोणी अंगावर आले तर मारीन’ म्हणून घेतली असल्याचे पोलिसांना सांगितले, तर त्या उत्तरानेच ती शस्त्र बनते. निकटचा, विशिष्ट धोका नसताना स्वसंरक्षण हे सर्वसाधारणपणे वाजवी कारण मानले जात नाही. दोजोला जाताना पिशवीत बंद केलेली जो-काठी नेणे ही निराळी बाब आहे. सरळ किंवा बाजूला मूठ असलेले पोलिसी धर्तीचे दंडुके आणि साखळीचा कोयता, म्हणजे ‘कुसारिगामा’, हे तर ब्रिटनमध्ये विक्रीसाठी बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीतच आहेत; २०१९ च्या कायद्याने अशा वस्तू घरात बाळगण्यावरही निर्बंध घातले. प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी मात्र २००८ च्या कायद्यातील कलम ७६ बचाव करणाऱ्याला आधार देते : त्या क्षणी त्याला प्रामाणिकपणे जे वाटले, त्या परिस्थितीच्या मानाने बळ वाजवी होते का, हे पाहिले जाते आणि प्रत्येक फटका तोलूनमापून मारणे शक्य नसते, हेही विचारात घेतले जाते.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत शक्य असेल तर माघार घेण्याचे कर्तव्य आहे, काहींत नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम २२२१० दंडुक्यासारखी शस्त्रे बाळगण्यास मनाई करते. त्याच्या घटनात्मक वैधतेला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. खुद्द जपानमध्ये १९४८ चा किरकोळ गुन्ह्यांचा कायदा योग्य कारणाविना इजा करू शकणारे साधन लपवून बाळगण्यास प्रतिबंध करतो. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे ३४ ते ४४ खासगी संरक्षणाच्या हक्काची चर्चा करतात. कलम ३७ नुसार आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागण्यास वेळ होता, तेथेही हा हक्क मिळत नाही.

विमानप्रवासातही फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या विमानतळांवर चालण्याची छडी तपासणीनंतर केबिनमध्ये नेता येते. युद्धकलेची शस्त्रे मात्र सामानकक्षातच द्यावी लागतात.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

प्रमाणित जोदो शिकण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे त्या त्या देशाची केंदो संघटना. ब्रिटिश केंदो असोसिएशन आणि अमेरिकेतील ऑल युनायटेड स्टेट्स केंदो फेडरेशन या दोन्ही संस्थांत केंदो आणि इआइदोबरोबर जोदोचाही समावेश आहे. आरंभी लागते ती एक जो-काठी आणि एक लाकडी तलवार. बहुतेक दोजो पहिले काही आठवडे ती उसनी देतात. हान्बो शिकायची असल्यास बुजिन्कान किंवा तिच्यातून निघालेल्या संस्थांचे वर्ग अनेक शहरांत आहेत, परंतु त्यांचा दर्जा शिक्षकागणिक फार बदलतो.

प्रवेश घेण्यापूर्वी एखादा वर्ग बसून पाहावा. शिक्षकाने आपली परंपरा आणि आपले गुरू स्पष्ट सांगितले पाहिजेत. जोडीदार खरा विरोध करतो का, नवशिक्यांना डोक्यावरील वारांपासून कसे जपले जाते आणि स्थानिक कायद्याविषयी वर्गात काही सांगितले जाते का, हेही विचारावे. सहा महिन्यांत कोणत्याही हल्ल्याला तोंड देण्याची हमी मिळत असेल, तर तेथून निघावे. शिंतो मुसो-र्यूचे विद्यार्थी पहिल्या काही काता नीट बसण्यासाठीच वर्षानुवर्षे घालवतात, आणि तेवढ्या काळात हाती येते ते प्रामुख्याने संयम, अंतराचे भान आणि काठी न उचलताच प्रसंग टाळण्याची समज.